शिंगांना लावायचा तांबडा रंग

वहिनी, तुमच्या तेराव्याला मिश्राजी आले होते. चंबळेच्या पलीकडून, उत्तर प्रदेशातून, सकाळीच निघून. हातात हार नव्हता. कापडी पिशवीत तांबड्या ऑइलपेंटचा अर्धा डबा होता. शिंदे की छावनीतल्या तुमच्या घराच्या दारात त्यांनी चपला काढल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दीदी का है. पिछले साल का बचा हुआ." जमलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. तेराव्याला रंगाचा डबा घेऊन आलेला माणूस आपल्या नात्यागोत्यात आजवर कुणी पाहिला नव्हता.

दादाने त्यांना शेजारी बसवून घेतलं. जेवण झालं, हात धुतले, आणि मग मिश्राजींनी मला अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन हळूच विचारलं, "अबकी बार भी रंग एक ही रहेगा न, भाईसाहब?"

मी म्हणालो, "देखते हैं."

सरकारी नोकरीत 'देखते हैं' म्हणजे काय, ते मिश्राजींना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी मान हलवली आणि दादाचा निरोप घ्यायला गेले. डबा माझ्या हातातच होता. राग आला होता तुमचा, खरं सांगतो. एवढं सगळं मांडून ठेवायचं आणि ऐन टोचणीच्या हंगामाच्या तोंडावर असं निघून जायचं, ही कुठली रीत?

त्या दिवशी ज्याला त्याला मी त्या डब्याची हकीकत सांगत होतो. माझी काकू म्हणाली, "अरे, मालती जनावरांची डॉक्टर होती की रंगारी?" आता तुम्ही मधेच थांबवून "असं नाही, भाऊजी" म्हणणार नाही, तेव्हा माझ्या पद्धतीने इथेही सांगून टाकतो.

तुम्ही साताऱ्याकडून लग्न होऊन ग्वाल्हेरला आलात तेव्हा तुमच्याकडे दोन गोष्टी होत्या : पशुवैद्यकाची डिग्री आणि आमच्या मराठीला नावं ठेवायची सवय. पहिल्याच आठवड्यात दादा म्हणाला, "चहा पिऊन घे, ठंडा होऊन राहिला." तुम्ही कप उचललात आणि शांतपणे म्हणालात, "गार होतोय." आमच्या पणज्याच्या पणज्याने शिंद्यांच्या फौजेबरोबर इथे येऊन तंबू ठोकला, त्याला किती पिढ्या झाल्या, एवढ्या वर्षांत आमची भाषा थोडी इथलीच झाली, त्याला आम्ही काय करणार? पण तुम्ही सोडलं नाहीत. दादा तीस वर्षं 'ठंडा' म्हणत राहिला आणि तुम्ही तीस वर्षं 'गार' म्हणत राहिलात.

पुढे तुम्ही आणि मी एकाच खात्यात आलो. तुम्ही गावोगाव फिरणाऱ्या आणि मी सिटी सेंटरच्या ऑफिसात लशींचा साठा सांभाळणारा. तुमच्या भाषेत मी 'मोजणारा'. दर रविवारी मी तुमच्याकडे चहाला यायचो आणि आपण भांडायचो. दादा पेपर तोंडासमोर धरून बसायचा. त्याला वाटायचं, दिराचं आणि भावजयीचं भांडण म्हणजे घर खेळीमेळीचं असल्याची खूण आहे. तो पेपर वाचत नसायचा, ऐकत असायचा, हे मला त्या तेरा दिवसांत कळलं. आपल्या किती वादांचे शब्द त्याला जसेच्या तसे पाठ आहेत!

तर ती साथ. लाळ्या-खुरकूत, इकडे तिला खुरपका-मुँहपका म्हणतात. जिभेवर फोड, तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखमा. वासरं पटापट दगावतात. मोठं जनावर बहुधा वाचतं, पण दूध आटतं, चाल बिघडते आणि ते कामाचं राहत नाही. मग मालक त्याचं दावं सोडून देतो. सोडलेलं जनावर कुणाच्या तरी मोहरीत शिरतं. मग गावातले लोक लाठ्या घेऊन निघतात, आणि भिंडच्या पुढे चंबळेच्या काठाला जी गावं आहेत, तिथल्या लोकांनी यावर एक नामी उपाय काढला होता. लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून नदीवर पूल जोडतात ना, पावसाळ्याआधी सोडवतात आणि दिवाळीनंतर पुन्हा जोडतात, तो; त्या पुलावरून जनावर पलीकडे हाकलून द्यायचं. पलीकडे दुसरं राज्य. आपली जबाबदारी संपली. आणि पलीकडचे लोकही काही दूधखुळे नव्हते. ते तेच जनावर, आणखी दोन आपल्या पदरची घालून, इकडे परत पाठवायचे. लाळ गाळत, लंगडत ती जनावरं नदी ओलांडत राहायची, आणि दोन्हीकडचे लोक म्हणायचे, रोग त्या काठावरून येतो. दोघांचंही खरं होतं.

साथीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही पुलाच्या या टोकाला उभ्या होतात. मीही होतो, कारण बर्फाच्या पेट्या माझ्या ताब्यात होत्या आणि त्या मी दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. लाठीवाले चार-पाच जनावरं हाकत आले. त्यात एक पांढरी गाय होती, एकाच शिंगाची. दुसरं शिंग मुळापासून मोडलेलं. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, ही मागच्या आठवड्यात पण इथेच होती. हिला मी पलीकडे जाताना पाहिलंय. ही परत आली कशी?" आणि मी काही उत्तर देण्याआधी तुम्ही त्या गायीच्या मागोमाग पुलावर चालू लागलात.

दौऱ्याचा आदेश नव्हता, परवानगी नव्हती. गम बूट घालून, एका हाताने पदर सावरत तुम्ही एका गायीमागून दुसऱ्या राज्यात गेलात. मी मागून ओरडत होतो, "वहिनी, अहो वहिनी, हद्द संपली आपली!" पुलाच्या त्या टोकाला त्यांचे लाठीवाले उभे होते आणि त्यांच्यात तिकडच्या पशुखात्याचे, मफलर गुंडाळलेले मिश्राजी. ते म्हणाले, "मैडम, ये गाय आपकी है."

तुम्ही म्हणालात, "मेरी नहीं है. आपकी भी नहीं है. चाय कहाँ मिलेगी यहाँ?"

चहाच्या त्या टपरीवर जे ठरलं त्याला पुढे मोठमोठी नावं मिळाली. दोन राज्यांचा समन्वय वगैरे. राजस्थानातले धौलपूरकडचे लोकही नंतर येऊन मिळाले, ग्वाल्हेरला दर हंगामाआधी सगळ्यांची बैठक भरू लागली. पण मूळ ठराव टपरीवरचाच, आणि तो चार वाक्यांचा होता. जनावर जिथे आहे तिथेच राहील, कुणी हाकलायचं नाही. ज्याच्या समोर येईल त्याने टोचायचं, कुणाचं आहे ते विचारायचं नाही. दोन्ही काठांवर एकाच आठवड्यात टोचणी. पुलाच्या दोन्ही टोकांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेली पोती, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाय त्यावर ठेवूनच पुढे जायचं. हे भोपाळला आणि लखनौला लिहून कळवायचं म्हटलं असतं तर कागद फिरून येईपर्यंत साथ येऊन गेली असती. वरातीमागून घोडं.

अडचण एकच होती. घरच्या जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला असतो, मोकाटाच्या नसतो. टोचलेलं कोणतं आणि राहिलेलं कोणतं, ते कसं ओळखायचं? तुम्ही म्हणालात, "शिंगं रंगवू या." मी हसलो. तुम्ही दर श्रावणी अमावस्येला छावनीतल्या त्या घरात मातीचे बैल करायच्या, पाटावर मांडायच्या, पुरणपोळी करायच्या, आणि आमच्या इथल्या मुलांना पोळा म्हणजे काय ते परत परत सांगायच्या. मला वाटलं, हे त्यातलंच काहीतरी. पण जयेंद्रगंजच्या दुकानातून तुम्ही तांबडा रंग आणलात, दोन डबे आपल्याकडे ठेवलेत आणि दोन मिश्राजींकडे धाडलेत. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

मी म्हणत होतो, दोन रंग ठेवा. आपला तांबडा, त्यांचा निळा. मला प्रत्येक मात्रेचा हिशोब द्यावा लागतो. आपल्या राज्याची लस आपल्या हद्दीत किती गेली, त्यांची किती आली, हे एका रंगात कसं कळणार? मी काही चुकीचं बोलत नव्हतो, वहिनी. आजही सांगतो. साठा सांभाळणाऱ्याने मोजायचं नाही तर काय भजन करायचं?

तुम्ही चहात साखर ढवळत म्हणालात, "आमच्या गावात पोळ्याला प्रत्येक घराचा रंग वेगळा असायचा. पाटलांचा हिरवा, आमचा गुलाबी. वेशीतून आधी कोणत्या रंगाचा बैल जाणार यावरून दरवर्षी डोकी फुटायची. सणाच्या दिवशी हळद लावून बसायचे लोक. बैल बिचारे उन्हात उभे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"निळ्या शिंगाची गाय आपल्या काठावर दिसली की तुमचे लाठीवाले काय म्हणतील? टोचलेली आहे, राहू दे म्हणतील? की 'उस पार की है' म्हणून पुन्हा पुलावर घालतील? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे शिंगावर लिहून कशाला द्यायचं?"

"आणि माझा हिशोब?"

"तुमचा हिशोब तुम्ही बघा, भाऊजी. इतके हुशार आहात."

पेपरमागून दादा हसला होता. मी चिडून टिपण लिहिलं, दोन रंगांची शिफारस केली, सही करून वर पाठवलं. तुम्ही बैठकीत उठलात आणि ते सगळ्यांसमोर खोडून काढलंत. एका रंगावर शिक्कामोर्तब झालं. बाहेर पडताना मला म्हणालात, "रविवारी थालीपीठ करणार आहे, या." मी आलो. थालीपीठ चांगलं होतं आणि भांडणही.

त्या हंगामात मी पुलावर गेलो तर एका शिंगाची ती गाय आपल्या काठावर निवांत उभी होती. एकच शिंग, तेही तांबडं. तुम्ही तिचं नाव पाव्हणी ठेवलं होतं. लाठीवाले शेजारीच बिडी ओढत बसले होते आणि तिच्याकडे बघतही नव्हते. मी म्हणालो, "हिला अर्ध्या रंगात भागवलंत." तुम्ही म्हणालात, "बघा, तुमच्या साठ्याची बचत." मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की वहिनी, तुमचंच बरोबर होतं. पण तोंडातून निघालं नाही. वाटलं, एवढ्यात कशाला, अजून वर्षं पडली आहेत.

आणि मग त्याच्या पुढच्या वर्षीची ती गोष्ट. तिच्यावर आपण कधी धड बोललोच नाही.

पलीकडे लस वेळेवर पोचली नव्हती. मिश्राजींचा फोन आला, त्यांच्या काठावर दोन गावांत जनावरं लाळ गाळू लागली होती. तुम्ही आपल्या पेट्यांतल्या काही पेट्या पुलावरून तिकडे पाठवल्यात. मी फोनवर नको म्हणालो. स्पष्ट म्हणालो, आधी आपली गावं पुरी करा. तुम्ही म्हणालात, "आग पलीकडे लागली आहे, पाणी पलीकडेच टाकायला हवं." हे बरोबर होतं. साथ बाहेरून आत येते, तिला बाहेरच गाठायची, हे मलाही पाठ आहे. पण आपल्या काठाचं, नदीपासून थोडं आत असलेलं एक गाव त्यामुळे मागे राहिलं. नवा साठा येईपर्यंत थांबावं लागलं, आणि साथीने तेवढ्यात ते गाव गाठलं. मोठी जनावरं वाचली. वासरं गेली.

कटोरीबाईची दोन्ही गेली. विधवा बाई, त्या दोन गायी आणि त्यांची वासरं हेच तिचं घर. आपण गेलो तेव्हा ती गोठ्याच्या दाराशी उभी होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तुमच्याकडे बघून एवढंच विचारलं, "डाक्टरनी, हमाये हिस्सा की सुई उतै काए पठै दई?" आमच्या वाटची सुई तिकडे का पाठवलीत?

मी तुम्हाला तीस वर्षांत तेव्हाच एकदा गप्प झालेलं पाहिलं. तुम्ही बूट काढलेत, तिच्या ओसरीवर बसलात, आणि बसूनच राहिलात. ती आत निघून गेली. परत येताना जीपमध्ये मी तोंड उघडणार होतो. माझ्याकडे सगळं तयार होतं : मी सांगितलं होतं, मी बजावलं होतं, मोजणाऱ्याचं ऐकायचं असतं कधीतरी. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी आलो, चहा प्यालो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्याच्या पुढच्याही रविवारी.

तेव्हा बोललो नाही, म्हणून आता बोलतो. वहिनी, पेट्या पाठवल्या नसत्यात तर साथ दोन गावांवर थांबली नसती, आपल्या काठाची कितीतरी गावं गेली असती. हे मला माहीत आहे. आणि पेट्या पाठवल्यात म्हणून कटोरीची वासरं गेली, हेही मला माहीत आहे. पहिल्या गोष्टीसाठी मी तुम्हाला शाबासकी दिली नाही आणि दुसऱ्या गोष्टीसाठी माफही केलं नाही. दोन्ही तसंच राहिलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं काही जळलं नव्हतं, तरी मी मनात धरून बसलो. तुम्ही मात्र त्यानंतर दर हंगामात टोचणी त्याच गावापासून सुरू करत राहिलात, हे मी पाहत होतो. त्यावरही बोललो नाही.

तुमच्या तेराव्यानंतर लगेच हंगामाची बैठक लागली. पूल जोडायचं काम सुरू व्हायच्या आत सगळं ठरायला हवं होतं. नवे साहेब माणूस चांगले आहेत. हुशार आहेत, कामसू आहेत, आणि दुर्दैवाने माझ्यासारखेच मोजणारे आहेत. त्यांनी जुनी फाइल मागवून घेतली होती. ती उघडून म्हणाले, "देखिए, यह तो बहुत अच्छा सुझाव था. अपना लाल, उनका नीला. हर डोज़ का हिसाब साफ़. पता नहीं क्यों नहीं माना गया." आणि माझ्याकडे वळून हसून म्हणाले, "आपका ही नोट है."

माझंच होतं. अक्षर माझं, सही माझी. टेबलाच्या पलीकडे मिश्राजी बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. तुमची खुर्ची कुणी हलवली नव्हती, पण तिच्यावर कुणीतरी बॅग ठेवली होती.

मला वाटलं होतं, या दिवशी मला बरं वाटेल. इतक्या वर्षांनी माझी बाजू कुणीतरी उचलून धरत होतं. मी फाइलकडे बघितलं आणि थांबलो, कारण सवयीने मी वाट बघत होतो की आता तुम्ही घसा खाकराल आणि उठाल. कुणी उठलं नाही. तेव्हा पहिल्यांदा, वहिनी, तुम्ही गेलात हे मला खरोखर कळलं. घाटावर कळलं नव्हतं, तेराव्याला कळलं नव्हतं. तिथे कळलं, आणि मग घसा मीच खाकरला. साहेबांना वाटलं, मला खोकला आला. पाणी दिलं त्यांनी.

पाणी प्यालो आणि म्हणालो, "नोट मेरा ही है, साहब. लेकिन जब लिखा था तब सामने भाभी थीं. मुझे मालूम था, वो काट देंगी. इसलिए आराम से लिख दिया. अब काटनेवाला कोई नहीं है, तो मैं ही काट रहा हूँ. रंग एक ही रहने दीजिए."

साहेब म्हणाले, "और हिसाब?"

"हिसाब मैं रखूँगा. दोनों तरफ़ का. रोज़ शाम को मिश्राजी से फ़ोन पर मिलान कर लूँगा."

साहेबांना ते फारसं पटलं नाही. त्यांनी विचारलं, दोन रंगांत नेमकं बिघडतं काय? मग मी तुमचा पोळा सांगितला. पाटलांचा हिरवा आणि तुमचा गुलाबी, वेशीतली मारामारी, उन्हात उभे राहिलेले बैल. माझ्या हिंदीत, तुमच्यासारखं रंगवून नाही जमलं. पण धौलपूरकडचे डॉक्टर हसले आणि म्हणाले, हमारे यहाँ भी ऐसा ही होगा जी. शेवटी या हंगामापुरता एक रंग ठेवायचा ठरला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. तुम्ही असतात तर पुढच्या वर्षाचंही तिथल्या तिथे कबूल करून घेतलं असतंत. मला तेवढंच जमलं.

घरी जाताना छावनीत डोकावलो. दादा एकटाच बसला होता, पेपर घडी न मोडता बाजूला पडलेला. त्याने स्वतः चहा केला होता, साखर जास्त झाली होती. मी बैठकीचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "पी लवकर. गार होतोय." आम्ही दोघांनी चहा संपवला.

परवा पूल जोडून झाला आणि आम्ही टोचणीला निघालो. सुरुवात कटोरीच्या गावापासून केली. तुमची रीत मोडायची हिंमत माझ्यात नाही. मिश्राजींनी आणलेला तो अर्धा डबा मी बरोबर घेतला होता. कटोरीने आपल्या गायी स्वतःच बाहेर बांधून ठेवल्या होत्या. गावातली पोरं आली, माणसं आली, सुया भरल्या गेल्या. ती जीपकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "डाक्टरनी नईं आईं?"

कुणी तिला कळवलं नव्हतं. मी सांगितलं. ती ओसरीच्या कडेला टेकली, जिथे त्या दिवशी तुम्ही बसला होतात साधारण तिथेच. दाव्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "हमने तौ उनसें फिर बातई नईं करी."

ती तुमच्याशी पुन्हा बोललीच नव्हती. माझंही तेच होतं. मी दर रविवारी येत होतो, चहा पीत होतो, एवढाच फरक. तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही, आणि तिनेही तो पुन्हा विचारला नाही.

तिथून नदीवर गेलो. पोती भिजवून टाकली होती, लाठीवाले बसले होते. पाव्हणी पुलाच्या तोंडाशी उभी होती, बरीच म्हातारी झाली आहे आता, पाठीचा कणा वर आला आहे. तिला टोचलं. कटोरी आमच्या मागोमाग पायी आली होती, का ते मी विचारलं नाही. तिने पुढे होऊन गायीची मान धरली आणि म्हणाली, "रंगौ." मी ब्रश घेतला. तुमच्या हातून हे काम किती सहज व्हायचं. माझ्या हातून रंग गायीच्या कपाळावर ओघळला, माझ्या शर्टावर पडला, कटोरीच्या बोटांना लागला. ती हसली नाही, पण तिने मान सोडली नाही. एक शिंग, पुन्हा तांबडं. मग गाय फळ्यांवर पाय टाकत पुलाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, नदीचं वारं खात. लाठीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या बिड्या पेटवल्या.

संध्याकाळी मिश्राजींचा फोन आला, आम्ही दोन्ही काठांचं मिलान केलं. सगळं जुळलं. फक्त पाव्हणी तेवढी यादीत लिहायची राहिली आहे. आम्ही परतलो तेव्हाही ती पुलाच्या मध्यावरच होती. मिश्राजी म्हणतात तुमच्या काठाची धरा, मी म्हणतो तुमच्या काठाची. तिला कुठल्या काठावर लिहू, वहिनी? तुम्ही काहीतरी सांगितलं असतंत, आणि मी भांडलो असतो.